कोकणातील ओंबील आणि ऑस्ट्रेलियातील हिरवी मुंगी एकाच जातीची कशी?

बागेची_वाट (प्रश्न)

नमस्कार. आमची आंब्याची आणि काजूची बाग रत्नागिरी जिल्ह्यात आहे. झाडाची हिरवी पाने एकमेकांना चिकटवून त्यांचे घरटे करणारी तांबडी मुंगी, जिला आमच्याकडे ओंबील म्हणतात आणि गोव्याकडे हुमले या नावाने ओळखतात, ती आमच्या बागेत पूर्वीपासून आहे. आंबे उतरवायला चढलेल्या गड्यांची तिच्यामुळे उडणारी तारांबळ हा दर हंगामातला विषय असला, तरी माझा प्रश्न तिच्या बंदोबस्ताचा नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात डार्विन येथे राहते. तिने तिथल्या आंब्यावरील मुंग्यांची काही छायाचित्रे पाठवली. घरट्याची बांधणी, लांब पाय, चाहूल लागताच पोट वर उचलून उभे राहण्याची ढब हे सगळे आमच्या ओंबिलीप्रमाणेच आहे. फक्त पोटाचा भाग लालसर नसून स्वच्छ हिरवा आहे. तिथे या मुंगीचे शास्त्रीय नाव इकोफिला स्मॅरॅग्डिना असे देतात आणि आपल्याकडच्या पुस्तकांतही ओंबिलीला हेच नाव दिलेले आढळते. इतका ठळक रंगभेद असताना आणि मध्ये एवढा समुद्र असताना या दोन्ही एकाच जातीच्या कशा मानल्या जातात?

दुसरी शंका आपल्याच राज्याविषयी आहे. माझी सासुरवाडी सोलापूर जिल्ह्यात आहे. तिथे आंब्याची झाडे आहेत, चिंचा आहेत, पण ओंबील मी कधीही पाहिलेली नाही. उलट गडचिरोलीत नोकरी केलेला एक मित्र सांगतो की तिकडच्या जंगलात ती भरपूर आहे आणि तिची चटणीही करतात. कोकणात आहे, मधल्या पठारावर नाही आणि पुन्हा पूर्व टोकाला आहे, असा हा प्रसार तुटक कशामुळे झाला असेल?

कीटकवही

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक खुलासा करतो. मी येथे ‘प्रजाती’ हा शब्द वरच्या गटासाठी आणि ‘जाती’ हा शब्द त्याखालच्या एककासाठी वापरतो, जसा विश्वकोशात वापरला आहे. वर्तमानपत्रांत हे शब्द उलटसुलट येतात, त्यामुळे वाचताना घोटाळा होऊ नये.

सर्व मुंग्या फॉर्मिसिडी या कुलात येतात. ओंबील त्यातील फॉर्मिसिनी या उपकुलातली आहे, म्हणजे घरात आणि अंगणात फिरणारा काळा मुंगळा तिचा याच उपकुलातील नातेवाईक ठरतो. हे नाते साध्या भिंगातूनही पाहता येते. दोघांच्याही कमरेला एकच गाठ असते आणि दोघांनाही डंख नसतो. डंखाच्या जागी पोटाच्या टोकाला एक बारीक गोल छिद्र असते, ज्याच्याभोवती केसांची झालर असते, आणि त्यातून फॉर्मिक आम्ल फवारले जाते. ओंबील आधी जबड्याने कातडी पकडते आणि मग पोट पुढे वाकवून त्या जखमेवर आम्ल सोडते. चावा लहान असूनही आग मोठी होते, ती यामुळे.

फरक पाहायचा असेल तर कोश पाहावेत. मुंगळ्याचे वारूळ चुकून उकरले गेले की मुंगळे तोंडात धरून जे तांबूस, तांदळाच्या दाण्याएवढे कोश पळवतात, ते रेशमी आवरणात बंद असतात. ओंबिलीच्या घरट्यात मात्र कोश उघडे असतात. पांढऱ्या, मेणासारख्या देहावर दुमडलेले पाय आणि मिशा स्पष्ट दिसतात. याचे कारण असे की ओंबिलीच्या अळीने आपले रेशीम स्वतःसाठी राखलेले नसते. कामकरी मुंग्या रांगेने एकमेकींच्या कमरेला धरून दोन पाने जवळ ओढतात आणि दुसऱ्या काही जणी पूर्ण वाढीच्या जवळ आलेल्या अळ्यांना तोंडात धरून एका पानाच्या कडेवरून दुसऱ्या पानाच्या कडेवर अशा फिरवतात की अळीच्या तोंडातून निघणारा रेशमी धागा पाने सांधत जातो. जगातील इतर काही मुंग्याही अळ्यांचे रेशीम वापरतात, परंतु जिवंत पानांचे घरटे शिवण्याची ही पद्धत ज्या पूर्णत्वाला या प्रजातीने नेली आहे तशी दुसरीकडे दिसत नाही. कमरेची गाठ बसकी आणि लांबट असणे, त्यामुळे पोट थेट छातीच्या वर उभारता येणे आणि कामकऱ्यांचे दोन वेगळे आकार असणे ही या प्रजातीची आणखी ठळक लक्षणे होत. बागेत आपल्याला चावते ती मोठी कामकरी, सुमारे 8 ते 10 मिलिमीटर लांबीची. तिच्या निम्म्या आकाराची धाकटी बहुधा घरट्यातच राहून अंडी-अळ्यांची निगा राखते. या सगळ्या वेगळेपणामुळे वर्गीकरणात या प्रजातीसाठी इकोफिलिनी नावाची स्वतंत्र जमात मानली जाते आणि त्या जमातीत आज हयात असलेली ही एकच प्रजाती आहे.

आता नावाचा इतिहास. योहान फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञांनी 1775 मध्ये या मुंगीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा तिला फॉर्मिका या त्या काळच्या ऐसपैस प्रजातीत ठेवले होते. फ्रेडरिक स्मिथ यांनी 1860 मध्ये इकोफिला ही स्वतंत्र प्रजाती प्रस्थापित केली. आपल्याकडच्या मुंग्यांचा पहिला मोठा ग्रंथ बिंगहॅम यांनी 1903 मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालिकेत लिहिला, तोपर्यंत हे नाव रूढ झालेले होते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की ऑस्ट्रेलियातील हिरव्या मुंग्या युरोपीय अभ्यासकांना तेव्हाच माहीत झाल्या होत्या. कॅप्टन कुक यांच्यासोबत गेलेले निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी 1770 मध्ये पाने वाकवून घर करणाऱ्या हिरव्या मुंग्यांची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे, आणि फॅब्रिशियस यांनी 1775 च्याच ग्रंथात ऑस्ट्रेलियातील रूपाला विरेसेन्स असे निराळे नाव दिले होते. म्हणजे जी शंका आपल्याला आज आली, तिचे पहिले उत्तर ‘दोन वेगळ्या जाती’ असेच दिले गेले होते. पुढच्या अभ्यासकांनी शरीराची ठेवण ताडून पाहिली, तेव्हा रंगापलीकडे दोन जाती वेगळ्या करण्याइतके काही हाती लागले नाही आणि विरेसेन्स हे नाव स्वतंत्र जाती म्हणून टिकले नाही.

मुंग्यांच्या बाबतीत रंगावर भिस्त ठेवणे मला धोक्याचेच वाटते. ओंबिलीचा रंग भारतातही पिवळसर तपकिरीपासून गडद तांबड्यापर्यंत बदलतो. शिवाय हिरवा रंग आपल्या ओंबिलीला परका नाही. पावसाळ्याच्या सुमारास घरट्यातून पंख असलेल्या राण्या बाहेर पडतात, त्यांतली एखादी दिव्याजवळ पडलेली सापडली तर नीट पाहावी. कामकरीपेक्षा कितीतरी दांडगी असलेली ही राणी हिरवट रंगाची असते. डार्विनच्या कामकरीत जो हिरवेपणा दिसतो तो आपल्याकडे राणीत दिसतो, एवढाच काय तो फरक.

वैनगंगा

आपल्या मित्राने सांगितले ते बरोबर आहे. माझे बालपण गडचिरोली जिल्ह्यात गेले आणि पुढेही कामानिमित्त त्या भागात सतत फिरणे होते. तिकडे ही मुंगी जंगलात सर्रास आढळते आणि माडिया लोक तिची घरटी उतरवून अंडी-अळ्यांसकट चटणी करतात. लगतच्या बस्तरमध्ये हीच चटणी चापडा नावाने आठवडी बाजारात द्रोणांतून विकली जाते, आणि ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यातील सिमिलीपालच्या चटणीला तर जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रसाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की गडचिरोलीतील ओंबील हे एखादे सुटे बेट नाही. ती छत्तीसगड, ओडिशा, झारखंड अशा सलग पट्ट्याची पश्चिम कड आहे. कोकणातील ओंबील त्याचप्रमाणे गुजरातच्या दक्षिण भागापासून गोवा, कारवार, केरळ अशा किनारी आणि सह्याद्रीच्या पट्ट्याचा भाग आहे. हे दोन पट्टे दक्षिणेत एकमेकांच्या जवळ येतात. महाराष्ट्राच्या नकाशापुरते पाहिले म्हणून प्रसार तुटक दिसतो. भारताचा नकाशा समोर ठेवला तर दख्खनचे कोरडे पठार मध्ये सोडून त्याच्या दोन बाजूंनी गेलेला एक मोठा वळसा दिसेल.

पठार का सुटले, याचे कारण तिच्या राहणीत आहे. जमिनीत वारूळ करणाऱ्या मुंगीला उन्हाळा खाली उतरून काढता येतो. ओंबिलीला ती सोय नाही. तिचे घर जिवंत पानांचे असते, पाने वाळली की घरटे ठिसूळ होते आणि काही दिवसांत नवीन बांधावे लागते. एका वसाहतीची अशी अनेक घरटी, कधी बऱ्याच झाडांवर पसरलेली असतात आणि त्यांची डागडुजी वर्षभर चालू असते. ज्या प्रदेशात फेब्रुवारी ते मे या काळात बहुतेक झाडे निष्पर्ण होतात आणि उरलेली विरळ उभी असतात, तेथे तिला ना घरासाठी पाने मिळत, ना एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी फांद्यांची सलगता. सोलापूरकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्याही आतबाहेर पाऊस पडतो, गडचिरोलीत तो तेराशेच्या वर जातो आणि कोकणात अडीच हजारांच्या पुढे. गडचिरोलीचे जंगलही पानगळीचेच आहे, ही हरकत कोणी घेईल. ती योग्य आहे, परंतु तिथे सगळी झाडे एकाच वेळी उघडी पडत नाहीत. नाल्यांच्या काठची जांभळे आणि अर्जुन पाने धरून असतात, मोहाला एप्रिलच्या सुमारास नवी पालवी फुटते आणि मुंग्यांचे मुक्काम त्याप्रमाणे सरकतात. मार्चमध्ये घरटी पाहायची असतील तर डोंगरउतारावर न शोधता ओढ्याकाठी शोधावीत, हे तिकडचे पोरसुद्धा सांगेल.

थंडी हाही एक घटक आहे. ऑस्ट्रेलियातील प्रसाराचा अभ्यास झाला, त्यात पाऊस आणि हिवाळ्यातील किमान तापमान या दोहोंनी तिची हद्द ठरते असे दिसले. म्हणूनच ती त्या खंडाच्या उत्तरेकडील उष्ण पट्ट्यातच आहे, दक्षिणेत नाही. गडचिरोलीत हिवाळा कोकणापेक्षा कडक असतो, तरी तिथे ती टिकते. तेव्हा आपल्या राज्यात पाऊस आणि पाने यांचा वाटा मला अधिक मोठा वाटतो.

बागेची_वाट

दोघांचेही आभार. प्रसाराचा मुद्दा पटला. वर्गीकरणाबाबत मात्र एक उपप्रश्न उरतो. केवळ शरीराची ठेवण सारखी आहे म्हणून जाती एक मानणे हे जुन्या पद्धतीचे झाले. हल्ली जनुकीय तपासणीमुळे एकाच नावाखालील बेडूक आणि पाली यांच्या अनेक जाती वेगळ्या केल्या जात असल्याचे आपण वाचतो. ओंबिलीच्या बाबतीत अशी तपासणी झाली आहे काय? आणि झाली असेल तर तिच्यातून कोकणातील मुंगी कोणाच्या जवळची निघाली?

खाडीपलीकडे

अशी तपासणी झालेली आहे, आणि तिचे निष्कर्ष माझ्या मते या मुंगीविषयीच्या सर्वांत वाचनीय गोष्टींपैकी आहेत. जपानी संशोधकांनी भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे नमुने गोळा करून 2002 आणि 2006 मध्ये त्यांच्या जनुकीय क्रमांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांना या एका जातीत सात वेगळे गट आढळले. पश्चिम बंगाल वगळून उरलेल्या भारताचा एक गट. पश्चिम बंगाल, इंडोचायना, मलाया आणि सुमात्रा-जावा-बोर्निओ ही मोठी बेटे यांचा दुसरा. फिलिपिन्स आणि इंडोनेशियातील फ्लोरेस, सुलावेसी व हलमाहेरा ही बेटे यांचे प्रत्येकी एक, आणि न्यू गिनी व ऑस्ट्रेलिया यांचा मिळून सातवा.

ही यादी नकाशावर बोट ठेवून वाचावी, कारण हे गट आजच्या समुद्राप्रमाणे पडलेले नाहीत. मलाया आणि बोर्निओ यांच्यामध्ये आज शेकडो किलोमीटर समुद्र आहे, तरी तिथल्या मुंग्या एका गटात येतात. उलट बोर्निओ आणि सुलावेसी शेजारी असूनही तिथल्या मुंग्या वेगळ्या निघतात. याचे कारण समुद्राच्या खोलीत आहे. हिमयुगांमध्ये समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली, तेव्हा मलाया, सुमात्रा, जावा आणि बोर्निओ यांच्यामधला उथळ समुद्र कोरडा पडून सगळे मिळून एकच भूभाग झाला होता. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधील टॉरेसची सामुद्रधुनीही तशीच उथळ असल्याने ते दोघे जोडले गेले होते. सुलावेसी, फ्लोरेस आणि हलमाहेरा यांच्याभोवतीचे पाणी इतके खोल आहे की ते कधीच जोडले गेले नाहीत. पंखांनिशी उडालेली राणी फार दूर जात नसल्याने जिथे झाडांची सलगता होती तिथे मुंग्यांचे मिश्रण होत राहिले आणि जिथे खोल समुद्र होता तिथे प्रत्येक बेटावर तिचा वंश आपापल्या वाटेने गेला.

म्हणजे कोकणातील ओंबील आणि गडचिरोलीतील ओंबील या भारतीय गटाच्या, तर कोलकात्याच्या आसपासची मुंगी थायलंडच्या मुंगीच्या अधिक जवळची, असे चित्र या निष्कर्षांवरून उभे राहते. आपल्या बहिणीच्या बागेतील मुंगी या सगळ्यांपासून दूरच्या गटातील आहे. तेव्हा फॅब्रिशियस यांनी दोन नावे दिली ती अगदीच अस्थानी नव्हती, असेही म्हणता येईल.

मग जाती वेगळ्या का केल्या जात नाहीत? जनुकीय अंतर आहे एवढ्यावरून नवी जाती मांडता येत नाही. त्या गटांना बाहेरून ओळखता येईल असे पक्के लक्षण आणि शक्य तिथे त्यांच्यात संकर होतो की नाही याचा पुरावाही हवा. भारतीय गट आणि बंगालचा गट जिथे भेटत असतील, तो ओडिशा-झारखंडचा पट्टा त्या दृष्टीने निर्णायक ठरावा. तिथे दोन्ही प्रकारच्या वसाहती शेजारी राहूनही मिसळत नसतील तर प्रश्न वेगळ्या रीतीने सुटेल, आणि सरमिसळ होत असेल तर एक जाती हेच मत बळकट होईल. उद्या विभागणी झालीच तर स्मॅरॅग्डिना हे नाव मूळ नमुन्याच्या प्रदेशाकडे राहते असा नामकरणाचा नियम आहे. फॅब्रिशियस यांनी तो प्रदेश ‘पूर्व भारत’ असा मोघम लिहिला असल्याने त्यावरही वाद होईल, पण ऑस्ट्रेलियातील मुंगीसाठी विरेसेन्स हे जुने नाव तयारच आहे. तूर्त एक जाती आणि तिच्यात खोलवर वेगळे झालेले सात गट, ही मांडणी मला समाधानकारक वाटते. घाईने सात नावे देण्यात शास्त्रापेक्षा हौसच जास्त दिसेल.

या संपूर्ण पसाऱ्यात आफ्रिका कुठे, असे कोणी विचारेल. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत या प्रजातीची दुसरी हयात जाती, इकोफिला लाँजिनोडा, राहते. तिचे वर्णन फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी 1802 मध्ये केले. या दोघींच्या मध्ये अरबस्तान आणि इराणचा कोरडा प्रदेश पसरला आहे. एकेकाळी ही प्रजाती फार विस्तृत होती. बाल्टिक किनाऱ्यावरच्या अश्मीभूत राळेत आणि जर्मनीतील सुमारे चार ते पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तिचे जीवाश्म सापडले आहेत, म्हणजे युरोप उष्ण आणि दमट असताना ती तिथेही होती. केनियात व्हिक्टोरिया सरोवरातील एका बेटावर तर मुंग्या, अळ्या आणि कोश यांसह एका वसाहतीचाच भाग दगडात जतन झालेला मिळाला, ज्यात कामकऱ्यांचे दोन आकार आजच्यासारखेच आढळले. आजच्या दोन जाती हा त्या मोठ्या कुटुंबाचा उरलेला भाग आहे.

कीटकवही

वरील विवेचनाला एक व्यवहारी पुरवणी जोडतो, कारण या धाग्यामुळे काही वाचक आपापल्या गावच्या नोंदी करू लागतील अशी आशा आहे. संकेतस्थळांवर छायाचित्रांसह येणाऱ्या ओंबिलीच्या नोंदींत तीन प्रकारची गफलत वारंवार दिसते.

सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवर तपकिरी, मातकट गोळ्यासारखी घरटी असतात, ती ओंबिलीची नव्हेत. ती क्रिमॅटोगॅस्टर या प्रजातीतील मुंग्यांची आहेत. त्यांच्या कमरेला दोन गाठी असतात, पोट वरून पाहता बदामाच्या आकाराचे दिसते आणि त्या मिर्मिसिनी या निराळ्याच उपकुलातल्या आहेत. त्याही पोट वर उचलतात, म्हणून लोक फसतात. घाटमाथ्यावरची एखादी नोंद संशयास्पद वाटली की मी प्रथम घरट्याचे छायाचित्र मागतो.

दुसरी गफलत कोळ्यांची आहे आणि ती अनुभवी माणसाचीही होते. ओंबिलीच्या झाडांवर तिचेच रूप घेतलेला एक उडी मारणारा कोळी राहतो. त्याचा रंग, कंबर, चाल सगळे ओंबिलीचे. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे वर धरून हलवतो. नराचे जबडे इतके लांब आणि पुढे आलेले असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून नेत आहे असाच भास होतो. पाय मोजले, तर आठ भरतात. शिवाय हा कोळी मुंग्यांच्या रांगेपासून जरा फटकून राहतो आणि हात जवळ नेला की धाग्यावरून खाली उतरतो, जे ओंबील कधीही करणार नाही. ती अंगावर येते.

तिसरी चूक म्हणजे जमिनीवरच्या कुठल्याही तांबड्या, चावऱ्या मुंगीला ओंबील ठरवणे. तिच्याबाबत अधिक लिहीत नाही, पानांचे घरटे दिसले नसेल तर नोंद न केलेली बरी.

नोंद करताना मुंगीचे बाजूने काढलेले एक छायाचित्र, ज्यात कमरेची गाठ दिसेल, घरट्याचे एक, आणि झाडाचे नाव, एवढे असले तरी पुरे. मला स्वतःला सर्वाधिक उत्सुकता घाटमाथ्याच्या पूर्व उताराची आहे. भोर, पाटण, आजरा या बाजूला पाऊस काही किलोमीटरांत झपाट्याने कमी होतो, आणि ओंबिलीची हद्द नेमकी कुठे थांबते हे तिथेच पाहायला मिळेल. बागायतीमुळे आता पठारावरही बारमाही हिरव्या पानांचे आंबे आणि चिकू उभे राहिले आहेत. रोपवाटिकेतील कलमांबरोबर राणी असलेले एखादे घरटे अशा बागेत पोहोचले तर ते टिकेल काय, याचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा सांगली-साताऱ्याकडील बागायतदारांनी झाडांकडे पाहून दिलेले अधिक उपयोगी पडेल. तसे घरटे कोणाच्या पाहण्यात आले असेल तर कलमे कोठून आणली होती, तेही येथे लिहावे.